एका मुलीचे दोन अर्ज

चांदवडच्या एका शाळेत मुख्याध्यापक भिमाजी सर आणि पर्यवेक्षिका चैताली मॅडम यांच्या केबिनमध्ये फक्त प्लायवूडचं पार्टिशन होतं. सर शिंकले की पलीकडे मॅडमच्या टेबलावरचे कागद हलत. पण दोघांचं बोलणं मात्र चाले पत्रांनी! सर पत्र लिहीत, शिपाई सहादू त्यावर जावक क्रमांक टाकी, बाहेरून वळसा घालून मॅडमकडे जाई आणि सही घेऊन परत येई. ‘दुपारची घंटा दोन मिनिटं आधी वाजते, लेखी खुलासा करावा,’ असल्या पत्रांच्या दोन फायली भरल्या होत्या.

भांडण तरी कशाचं? दोन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत मॅडमचं नाव मंडपवाल्याच्या खाली छापलं गेलं. सर म्हणाले, प्रेसवाल्याची चूक. मॅडमनी विचारलं, प्रूफ कोणी तपासलं? झालं! त्या दिवसापासून अबोला.

यंदा आठवीतल्या अरफाने कांदा साठवायच्या चाळीसाठी एक यंत्र केलं. चाळीत कांदा सडू लागला, आतली ऊब वाढली, की भोंगा वाजायचा. पोरगी तीन महिने त्याच्या मागे लागली होती. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सरांनी तिचा अर्ज भरला, मार्गदर्शक म्हणून स्वतःचं नाव घातलं. मॅडमनीही भरला, स्वतःचं नाव घालून. एकमेकांना विचारणार कोण? त्यात कमीपणा ना!

प्रदर्शनाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी यादीवरून चष्मा वर केला.

“या मुलीचे दोन अर्ज आलेत. नियमाने दोन्ही बाद होतात. अकरापर्यंत दोघांच्या सहीचं एकच पत्र द्या, नाहीतर यंत्र उचला.”

साडेदहा वाजले होते.

“सहादू, मॅडमना सांग, अर्ज मागे घ्या म्हणावं,” सर म्हणाले. मॅडम हातभर अंतरावर उभ्या होत्या.

“सहादू, सरांना सांगा, काय ते लेखी कळवा.”

“अहो, जावक रजिस्टर शाळेत राहिलं!” सहादू रडकुंडीला आला.

इकडे अरफाने वायरी गुंडाळायला सुरुवात केली होती. तिचे डोळे भरून आले होते. ते पाहून तिचे वडील कादरभाई पुढे आले. मार्केट यार्डात हमाली करणारा माणूस, खास खाडा करून आला होता.

“सर, मॅडम, रागावू नका. म्या काय शिकेल नाय. पण आमी गोणी उचलतो ना, ह्या टोकाला मी, त्या टोकाला गोरक्ष. गोरक्षचं आन माझं लय वाजेल हाय. चार महिने एका टपरीवर चहा पेत नाय आमी. पण उचलताना मी ‘हं’ म्हणतो, तो ‘हं’ म्हणतो, मगच गोणी हालते. नाय म्हटलं तर फाटंल, कांदे रस्त्यावर! आमच्या भांडणात गोणीचा काय गुन्हा? तुमी दोघांनीबी पोरीसाठी जोर लावला, खोटं नाय. पण एकमेकाला इचारलं का?”

सरांनी खिशातून पेन काढलं. मॅडमनी डायरीचं पान फाडलं.

“लिहितो, विनंती की...” सर म्हणाले.

“नम्र विनंती,” मॅडम म्हणाल्या.

दोन वर्षांनी झालेला हा पहिला संवाद! सहादू बसायला खुर्ची शोधू लागला.

“मार्गदर्शक म्हणून तुमचंच नाव घालतो,” सर म्हणाले.

“छे, तुमचं घाला.”

“पण सर,” अरफा हळूच म्हणाली, “मला तर संतोष सरांनी शिकवलं.”

अरेरे! विज्ञानाचे संतोष सर तिकडे भिंतीला टेकून उभे होते. रोज शाळा सुटल्यावर तासभर तेच थांबत होते आणि दोन्ही अर्जांत त्यांचं नाव नव्हतं!

“संतोष सर, चुकलं आमचं,” मॅडम म्हणाल्या.

“दोघांचंही,” सर म्हणाले आणि त्यांनी पत्रावर संतोष सरांचं नाव लिहिलं.

अकराला तीन मिनिटं कमी असताना दोन सह्या एकाखाली एक पडल्या. अरफाने वायरी पुन्हा जोडल्या. बक्षीस तिला मिळालं नाही, पण देवळ्याचे दोन शेतकरी तिच्यासमोरून हलायलाच तयार नव्हते. “माझ्या चाळीत कधी बसवतीस?” असं एकाने विचारलं, तेव्हा पोरगी पहिल्यांदा हसली.

सोमवारी भिमाजी सर स्वतः उठून मॅडमकडे गेले. “बसू का?” त्यांनी विचारलं. मॅडमनी दोन चहा सांगितले. मग म्हणाल्या, “तीन सांगते. संतोष सरांनाही बोलावू.” तेव्हापासून दर शनिवारी ही बैठक होते. भांडणं आताही होतात, पण समोरासमोर.

वाचकहो, शाळा चालवणाऱ्यांचं एकमेकांशी गूळपीठ असलंच पाहिजे असं नाही. पण मुलांचं काम हाती घेताना आधी एकमेकांना विचारावं, आणि ज्याने केलं त्याचं नाव घ्यावं. आपला अबोला आपल्याला परवडतो हो. वायरी गुंडाळायची वेळ मात्र एखाद्या अरफावर येते!