सावडीतली काळी खिडकी

ज्ञान आता सर्वांसाठी मोकळं झालं असून त्याची गंगा किन्हवलीपर्यंत पोचली आहे, असं मी देवळाच्या ओट्यावरून जाहीर केलं आणि लाइट गेली. संध्याकाळपर्यंत गंगा कोरडी होती.

गंगा म्हणजे शेजारच्या गोजरांची रुचिता. मुरबाडच्या एका कॉलेजात भाताच्या जुन्या वाणांवर पीएचडी करत होती. तिच्या लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडते. तीत चित्र नाही, बटण नाही. हुकूम टाइप करायचा नि एंटर मारायचं. सॉफ्टवेअर सगळं फुकट आणि आतून उघडं. कुणीही घ्यावं, सुधारावं, फक्त करणाऱ्याचं नाव पुसू नये.

"म्हंजे सावड," तिची आत्या धोंडूबाई म्हणाली. "आज तुमी आमच्या लावणीला, उद्या आमी तुमच्या."

"तसंच गो आत्या."

आत्यापासून सुरुवात करून गावोगावच्या म्हाताऱ्यांचं भातांविषयीचं बोलणं रुचितानं टाइप करून ठेवलं होतं. एका ओळीचा हुकूम दिला की शेणवे गावचं कुठलं भात मुरबाडकडे कुठल्या नावानं पिकतं आणि ते कुणी सांगितलं, सगळं समोर. ते हुकूम तिनंच रचले आणि कॉलेजभर वाटले. मग तिला बोलावणी सुरू झाली. कुणाच्या पीडीएफ जोड, कुणाचे फोटो फॉर्मात बसव. तिच्या लावणीला मात्र कुणी फिरकलं नाही.

तिला एकच हवं होतं, छापील निबंधावर नाव. त्याशिवाय फेलोशिप नाही, आणि फेलोशिपशिवाय पुढचं शिक्षण नाही.

तिच्या माहितीवरचा निबंध छापून आला. पहिलं नाव तिच्या गाईडचं, शेखर सरांचं. दुसरं त्यांच्या भाचीचं, कुणालीचं. ती एकदा किन्हवलीला निघाली होती, पण घाटात गाडी लागली म्हणून परतली. शेवटी लिहिलं होतं, 'संगणक साहाय्याबद्दल विभागाचे आभार.'

रुचिता सरांकडे गेली. मी रिकामाच, मीही गेलो.

"सर, माझं नाव?"

"अगं, तूच म्हणतेस ना, हे मुक्त आहे? मग मालकी कसली?"

"मुक्त म्हणजे नाव पुसायचं नाय, सर. आत्याचंपण घातलं होतं मी. तेपण गेलं."

"आत्या काय फेलोशिपला बसणारै?" सर प्रसन्न हसले. आम्हाला चहा पाजला. तोही विभागाच्या नावावर.

फेलोशिप गेली. रुचिता आता वाशिंदच्या एका कारखान्यात खोक्यांवर पट्ट्या चिकटवते.

परवा धोंडूबाईनं विचारलं, "माजं नाव छापलं का गो?"

"नाय आत्या."

"आनि तुजं?"

रुचितानं बोटाला चिकटलेली पट्टी सोलून काढली.

"मंग ही कसली सावड? ही तर वेठ."

तेवढ्यात फोन वाजला. शेखर सर. निबंधाला पुरस्कार मिळायची चिन्हं होती, आवाजात साखर होती.

"रुचिता, अर्जावर माझा फोटो चढत नाहीये गं. फार मोठा होतोय म्हणे. तुझ्या त्या काळ्या खिडकीत घालून जरा लहान करून दे ना."