उघड्या काहिलीचा गूळ

आमच्या सुनेचा गूळ तांबडा निघतो, ही बातमी राजारामपुरीत मिरचीच्या खकाण्यासारखी पसरली होती. भाजी घेताना शेजारची श्यामला मला म्हणाली, "काकू, तुमची अवंतिका विद्यापीठात अजून गूळच करतीया म्हणं. आमच्या सासूबाईंना सही येत नव्हती, पण गूळ कसा पिवळाधमक काढायच्या."

"आणि त्यो खाऊन तुझी जीभ काय गोड झाली न्हाय," मी म्हटलं आणि मेथीची जुडी घेऊन निघाले.

बोलले खरी, पण आत काळीज जळत होतं. अवंतिकेचे पीएचडीचे मार्गदर्शक अमरसिंह सर. गूळ पिवळा दिसावा म्हणून पुष्कळ गुऱ्हाळांवर रसात पांढरी पावडर मारतात. सरांनी फार मागं छापून आणलं होतं की पावडर नको, नुसता रानभेंडीचा चिकट रस घाला, गूळ सोन्यासारखा निघतो. त्याच्यावर सरांचं मोठं नाव झालं. तो गूळ किती टिकतो, हे अवंतिकेनं शोधायचं होतं. पण टिकायला आधी निघायला तर पाहिजे. दर खेपेला तांबूस. सर म्हणायचे, तुमचा हात चुकतोय. आणि पोरीची डॉक्टरकी तिथंच अडकून पडली.

तिच्या बरोबरीचे सांगायला लागले, एकदा जरा बरा रंग आलता की, तेवढाच दाखव. बाकीचं कोण बघायला येतंय. घरी जेवताना माझ्या लेकानंसुद्धा मान डोलवली.

अवंतिकेचा घास हातातच राहिला. "मी तसं लिहिलं, आणि ते वाचून एखाद्यानं रसाची अख्खी काहील चुलीवर चढवली, गूळ तांबडा निघाला, तर तो मला काय म्हणेल?"

"तुला काय म्हणणार न्हाय, मला म्हणंल," मी सांगितलं. "आडनाव माझं हाय. आणि तू रं, गप जेव."

मग तिनं जे केलं ते विद्यापीठात कुणी केलं नव्हतं. शिरोळच्या ज्या गुऱ्हाळावर सरांनी गूळ काढला होता, तिथंच, त्याच गुळव्याच्या हातानं, पुन्हा काढायचं ठरवलं. सगळ्या जगाला आवतण. कुणीही या, वजन करा, फोटो काढा. काय घालणार, किती घालणार, कधी घालणार, सगळं आधीच इंटरनेटवर फुकट टाकलं. चुकलेल्या काहिलीसुद्धा टाकल्या. आणि इचलकरंजीच्या सबिनाला सांगितलं, तू तिकडं दुसऱ्या गुऱ्हाळावर नुसतं वाचून कर, मला एक शब्द विचारायचा नाही. सबिना तिथल्या कॉलेजात शिकवते.

सर घरी आले ते चहाला हातसुद्धा लावेनात. "आपलं अपयश चव्हाट्यावर मांडायची ही कुठली पद्धत, आई?"

"कोल्हापूरची," मी म्हटलं. "कुस्ती मैदानात हुतीया, सर. दार लावून जिंकलेल्याला गदा कोण देतंय? चहा घ्या, साय धरली बघा."

सरांनी चहा घेतला. शिरोळला येतो म्हणाले.

शिरोळला ही गर्दी. विद्यापीठातली माणसं, कारखान्याची माणसं, शेजारपाजारचे गुऱ्हाळवाले. मला खुर्ची दिली ती मी काहिलीजवळ ओढून घेतली. गुळव्या पिराजी, केस पांढरे झालेला गडी, उकळत्या रसावरची मळी काढत होता. रानभेंडीचा रस पडला, फेस वर आला, काहील उकळायला लागली. तसा पिराजी अस्वस्थ झाला. एकदा काहिलीत बघायचा, एकदा सरांकडं, एकदा छपराच्या कोपऱ्यातल्या डब्याकडं. चार मोबाईल त्याच्यावर रोखलेले.

"पिराजी, पोटात दुखतंय व्हय?" मी विचारलं.

"आक्का, रंग काय बरा येईना." त्यानं आवाज खाली आणला, पण त्याचा खालचा आवाज पलीकडच्या शेतात ऐकू जातो. "जरा गर्दी मागं सारा की. पावण्यांचा गूळ आसा निघाला तर माझी काय इज्जत? त्या टायमाला सरांचाबी आसाच निघत हुता. ते फोनवर बोलाय भाईर गेलते, मी हळूच पावडरची चिमूट मारली. सर लई खूश झाले. म्हटलं, पावणं खूश तर आपुन खूश."

चारी मोबाईल सरांकडं वळले. काहील रटरटतच होती.

सरांचं तोंड उतरलं. ज्या गुळावर आयुष्यभराचं नाव उभं, तो पिराजीच्या पाहुणचाराचा निघाला. माणूस इथून गाडीत बसून जाईल, असं मला वाटलं. अवंतिकाही तेच बघत होती. तिची डॉक्टरकी त्या माणसाच्या सहीत होती.

सर पुढं आले. पिराजीच्या खांद्यावर हात ठेवला. "डबा राहू दे. जसा निघतोय तसा काढ."

गूळ निघाला. विटेसारखा तांबडा, कणीदार. मी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि दुसरा सरांच्या हातावर ठेवला. तेवढ्यात अवंतिकेचा फोन वाजला. सबिनानं फोटो धाडला होता. तो फोटो आमच्या गुळाशेजारी धरला, तर सख्ख्या बहिणी. दोन गावं, दोन काहिली, दोन गुळवे, आणि रंग एक.

"म्हणजे माझा हात चुकत नव्हता," अवंतिका म्हणाली. डोळे पुसले तिनं, धुराचं निमित्त करून.

"तुमचा हात नाही, माझा डोळा चुकला," सर म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझा शोधनिबंध मी मागं घेतो. खरं काय ते आता हिचं वाचा."

टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्या पिराजीच्या. आपण काय केलं होतं हे त्याला अजून नीट उमगलं नव्हतं, पण पावणं खूश होतं.

अवंतिका डॉक्टर झाली. आता सरांच्या हाताखालची पोरं काम सुरू व्हायच्या आधीच काय करणार ते उघड मांडतात, फसलेलंही ठेवतात. सर स्वतः मागं लागतात.

श्यामलेकडं मी त्या गुळाच्या पोळ्या धाडल्या. डबा परत द्यायला आली, तर म्हणते, "चव लई भारी, काकू, पण रंग आसाच असतोय व्हय?"

"आसाच," मी म्हटलं. "पटत नसंल तर सगळं इंटरनेटवर हाय, करून बघ. तांबडाच निघंल."