रोज नऊ वाजून दहा मिनिटांनी

घार. बगळा. खंड्या. आमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रत्येक आवृत्तीला पक्ष्याचं नाव असतं. कावळा अजून कुणी घेतलेला नाही.

बाबांच्या फोनमध्ये एक जुना नंबर. लागत नाही.

नियम: प्रोग्रॅममधल्या फंक्शनच्या नावात त्याचं काम काय ते सरळ सांगावं. थट्टा नको.

माझ्या टेबलाचा तिसरा खण अडकतो.

या टेबलावर पूर्वी दादा बसायचा. माझा सख्खा भाऊ. एका मशीनने दुसऱ्याला ‘चालू आहेस ना’ असं विचारायचं, त्यासाठी त्याने फंक्शन लिहिलं आणि नाव ठेवलं ‘आहेस_का’. चार वर्षांपूर्वी बाबांशी भांडून तो घर सोडून गेला, नोकरीही. तेव्हापासून पत्ता नाही, फोन नाही.

यंदा नावांची साफसफाई निघाली. ‘आहेस_का’चं ‘जोडणी_तपासा’ झालं. पण जुनं नाव बाहेरचं कुणी वापरत असेल तर ते काढायचं नाही, असा आमच्याकडे दंडक. मी जुन्या नावाच्या वापराची यादी काढली. वापर रोज एकदा. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. रविवारीसुद्धा. चार वर्षांत एक खाडा नाही.

इतकं जुनं नाव दुसरं कोण वापरणार?

घरी आईला म्हटलं, "दादा आहे गं. कुठेतरी बसून रोज काम करतोय."

आईने गॅस बारीक केला. "जेवत असेल ना वेळेवर?"

जुनं नाव काढायचं काम मी पुढे ढकलत राहिले. शेवटी आमच्या टीमच्या मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

"अगं, एका नावासाठी सगळी आवृत्ती अडवून बसलीयेस!"

"कुणीतरी वापरतंय, मॅडम."

त्यांनी यादीत मशीनचा क्रमांक पाहिला. मी आजवर फक्त वेळेचा रकाना बघत आले होते.

"हे तर आपलंच चाचणीचं मशीन, त्या कोपऱ्यातलं. तुझ्या भावानेच रोज आपोआप विचारायला लावून ठेवलेलं, बंद करायचं राहून गेलं. काखेत कळसा नि गावाला वळसा!" त्या हसल्या, मग माझ्याकडे बघून थांबल्या. "उद्या काढलंस तरी चालेल."

मी लगेच काढलं. बाकीच्या सगळ्या चाचण्या पास झाल्या.

संध्याकाळी चप्पल काढते न काढते तोच आईने विचारलं, "आज केलं का त्याने काम?"

"हो," मी म्हणाले. "वेळेवर."

दादा घर सोडून गेला तेव्हा मी शेवटच्या वर्षाच्या परीक्षेसाठी परगावी होते. त्याला थांबवायला घरी नव्हते.