साखराबाईचा टी-शर्ट

उमापुरात कुणाचा वाढदिवस असो की कबड्डीचा संघ, टी-शर्टवर छाप उठवायचा तो शिवकन्यानंच. गेवराईहून चित्र छापलेला कागद आणायचा, पाटावर टी-शर्ट ताणायचा, वर कागद पालथा ठेवायचा आणि कडक तापलेली इस्त्री जीव खाऊन दाबायची. मनात तीस आकडे मोजायचे. कागद सोलला की चित्र कापडावर! पोरीचा हात असा बसला होता की काही विचारू नका. आणि नेमका त्याच हातानं घात केला.

कापूस वेचायला जाताना बाया लुगड्यावरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, म्हणजे हात ओरबाडत नाहीत. शिवकन्याच्या सासूबाई, साखराबाई, त्यांच्या नवऱ्याचा, गहिनीनाथांचा घालायच्या. चॉकलेटी, टेरिकॉटचा. गहिनीनाथ गेल्या साली वारले. बाकीचे कपडे तेव्हाच देऊन टाकले होते, हा एवढा एकच राहिला होता. शिवकन्या म्हणाली, जरा इस्त्री फिरवून देते. चांगलं करायला गेली बिचारी! पण इस्त्री होती छाप उठवायला तापवलेली, आणि टेरिकॉट ते टेरिकॉट, जास्त तापलं की वितळणारं. पाठीवर हे एवढं भगदाड पडलं.

साखराबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शर्टाची घडी घातली, पेटीत ठेवली आणि म्हणाल्या, "जाऊ दे बाई." बस, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून वेचणीला जाणं बंद, बोलणंही बंद. चार दिवस नुसत्या ओट्यावर बसून.

"बाजारातून नवा शर्ट आणू की!" शिवकन्याचा नवरा हरिओम म्हणाला. घ्या! आता या माणसाला काय सांगायचं?

शेवटी तिनं हरिओमच्या मोबाइलमधला एक फोटो शोधून काढला. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत सासरे पोलीस ठाण्यात उभे केल्यासारखे दिसायचे. या फोटोत मात्र मांडीवर करडू होतं, ते धोतर चघळत होतं आणि गहिनीनाथ बोळकं पसरून हसत होते. तिनं तो कागदावर छापून आणला, पूर्ण बाह्यांचा पांढरा टी-शर्ट पाटावर ताणला आणि इस्त्री दाबली. इतके टी-शर्ट केले, पण या वेळी तीस आकडे तिनं मोठ्यानं मोजले.

साखराबाईंनी टी-शर्ट मांडीवर पसरला. छातीपाशी चाचपून बघितलं. मग म्हणाल्या, "याला खिसा कुठं हाय? तंबाखूची डबी कुठं ठिवू?" आणि उठून आत गेल्या. झालं! शिवकन्या चुलीपुढं बसून पोटभर रडली.

सकाळी बघते तर सासूबाई घरात नाहीत. दुपारी ती भाकरी घेऊन रानात गेली. कापसात पांढरा टी-शर्ट दिसला आणि तिला हायसं वाटलं. जवळ गेली तर काय, टी-शर्ट उलटा! सगळ्या शिवणी बाहेर आणि चित्राचा पत्ता नाही. शेजारच्या ओळीतल्या सरस्वतीबाई खो खो हसत होत्या, "अगं साखरे, उलटा घातलायस की!"

शिवकन्याचा चेहरा पडला. सासूबाईंना त्या चित्राची लाज वाटत असणार. ती हळूच म्हणाली, "आत्या, आवडला न्हाई तर काढून टाका. माझ्यासाठी नका घालू."

"कोण म्हन्लं आवडला न्हाई?" साखराबाईंचे हात वेचतच होते. त्यांनी आवाज खाली घेतला. "लई लाजायचे गं ते. पंचेचाळीस वर्सांत चारचौघात माझ्याकडं एकदा बी मान वर करून बघितलं न्हाई. आन आता गावाकडं तोंड करून हसत बसवू व्हय त्येंना? म्हन्लं, आता माझ्याकडंच बघा. दिसभर बघा."

बोलता बोलता त्या लाजल्या. चक्क लाजल्या! शिवकन्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"रडती कावून? सोड ती भाकरी," साखराबाई म्हणाल्या. "मला लई भूक लागलीया."