रंगाखालचा बोल्ट

मास्तरांची जुनी गाडी चार महिने पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती. सुटली तशी त्यांनी ती थेट गाड्यांची वायरिंग करणाऱ्या वायरमनकडे पाठवली. "विकायची आहे," ते फोनवर म्हणाले. "दिवे तेवढे नीट करून ठेव. मी काही आता चालवत नाही."

गाडी मास्तरांहून पाचच वर्षांनी लहान. चार महिन्यांपूर्वी तिन्हीसांजेला एका वळणावर सायकलवरचा पोस्टमन तिच्याखाली आला आणि जागीच गेला. मास्तरांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं, मला दिसलाच नाही, माझे डोळे गेलेत.

वायरमनने दिवे लावून पाहिले. दोन्ही पिवळे, मरतुकडे. बॅटरी चांगली होती, बल्ब त्यानेच बदललेले. त्याने मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी दिव्याच्या अर्थला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेला टेकवली. काटा शून्याजवळ राहायला हवा होता. तो तीनच्या पुढे गेला. बारापैकी तीन व्होल्ट दिव्यापर्यंत पोचतच नव्हते.

अर्थची तार बॉडीला आवळली होती तिथला बोल्ट त्याने काढला. खाली चकचकीत निळा रंग होता.

अपघाताच्या आधी गाडी रंगवून आली तेव्हा दिवे त्यानेच बसवले होते. रंगातून वीज जात नाही. रंग खरवडून पत्रा उघडा करायचा, मगच तार आवळायची. पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी त्याने कंटाळा केला होता. पुढे मास्तर दोनदा तक्रार घेऊन आले. दोन्ही वेळा त्याने बल्ब बदलला आणि वर हसून म्हणाला, "मास्तर, दिवे ठणठणीत आहेत. चष्म्याचा नंबर तपासा."

 त्याने पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, बॅटरीपासून नवी जाड तार ओढली, बोल्ट घट्ट केला. दिवे लावले तर समोरच्या भिंतीची वीट न् वीट दिसली. त्याने झटकन बटण बंद केलं.

तसाच तो मास्तरांकडे गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"म्हणजे माझे डोळे?"

"चांगले आहेत, मास्तर."

 "चार महिने सून मला पेपर वाचून दाखवतेय रे," मास्तर म्हणाले. मग म्हणाले, "उजेड कमी आहे हे मला कळत होतं. तरी मी गाडी काढलीच. उद्या ठाण्यावर जाऊन लिहून दे. पण आधी पोस्टमनच्या बायकोकडे जा."

दुसऱ्या दिवशी तिने त्याचं दारातच ऐकून घेतलं. हातातला ओला कपडा ती पिळत राहिली.

"नीट उजेड असता तर हे दिसले असते?"

"हो, वहिनी."

"किती लांबून?"

खोटं बोलणं त्याला जमलं नाही. "वळणाच्या आधीच."

"जा तुम्ही," ती म्हणाली. "मुलं शाळेतून यायची वेळ झाली. त्यांच्यासमोर नको."

तिथून तो ठाण्यावर गेला, जबाब दिला, सही केली. खटल्यात मास्तरांबरोबर त्याचंही नाव लागलं. तारखेला दोघं एकाच बाकावर बसत. मास्तर आता स्वतः पेपर वाचत. त्याच्याशी मात्र ते पुन्हा कधी बोलले नाहीत.