राक्षसाचा डावा पाय

मित्रांनो, टोपण हरवलेला आणि पँटच्या खिशातून दोनदा वॉशिंग मशीनमध्ये फिरून आलेला मी एक जुना पेन ड्राइव्ह आहे. माझ्या पाठीवर एका सिमेंट कंपनीचं नाव छापलेलं होतं. आता त्यातलं नुसतं 'मेंट' उरलं आहे. तरी माझी तक्रार नाही. काहींच्या पाठीवर तेवढंही उरत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्या दिवशी आम्ही इतके जन्मलो की कुणाचंच कौतुक झालं नाही. पुढे एका बांधकाम प्रदर्शनात मला फुकट वाटण्यात आलं. माझ्या पोटात सिमेंटचं माहितीपत्रक होतं. ते कधीही, कुणीही उघडलं नाही. मी लहान होतो. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय.

त्या प्रदर्शनातून मला बबडीने घरी आणलं. बबडी म्हणजे संगणक शिकलेली आणि आपलं तेच खरं करणारी एक तरुण मुलगी. तिने माझं पोट साफ केलं आणि त्यात एक मुक्त प्रणाली भरली. मुक्त प्रणाली म्हणजे संगणक चालवणारं असं सॉफ्टवेअर, जे फुकट मिळतं आणि ज्याच्या आत काय आहे ते कुणीही उघडून बघू शकतं. सहसा कुणी बघत नाही, ती गोष्ट वेगळी.

मग माझे सुगीचे दिवस आले. ओळखीपाळखीतला कुठलाही संगणक म्हातारा झाला, की बबडी मला खिशात टाकून निघायची. शिंपीकाकांचा संगणक सुरू होईपर्यंत त्यांचा एक सदरा शिवून व्हायचा. वाचनालयातला तर विमानासारखा घोंघावायचा, पण उडायचा नाही. मी त्यांच्यात शिरायचो, आतलं जुनं सगळं पुसायचो आणि नवी प्रणाली बसवायचो. म्हातारे तरतरीत व्हायचे. लोक बबडीचं तोंडभरून कौतुक करायचे. ती मला उपटून खिशात टाकायची. मला तेवढं पुरे होतं.

आता माझी एक अडचण सांगतो. मला स्वतःचे शब्द नाहीत. आत भरलेली ठरावीक वाक्यंच मी पडद्यावर दाखवू शकतो. त्यांतलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य असं: 'ही डिस्क पूर्ण पुसली जाईल. पुढे जायचं?' हे वाक्य मी दर वेळी जीव तोडून दाखवायचो आणि बबडी दर वेळी ते न वाचता 'पुढे' दाबायची. तिचंही काय चुकलं? त्या जुन्या संगणकांत एकच डिस्क असायची. यादीत एकच नाव यायचं. एकच स्थळ सांगून आल्यावर पत्रिका कोण बघतो?

असंच एकदा तिच्या मामांनी नवा लॅपटॉप घेतला.

मामा आवाजवाले, म्हणजे सिनेमांसाठी खोटे आवाज तयार करणारे. सिनेमातला माणूस जिना चढतो, तेव्हा हे घरात बसून फळीवर चपला आपटतात. सिनेमात कुणाचं हाड मोडलं, की मामींच्या टोपलीतलं एक गाजर कमी होतं. एवढ्या वर्षांत मामांनी असे हजारो आवाज साठवले होते. त्यांचा जुना लॅपटॉप अखेरच्या घटका मोजू लागला, तेव्हा त्यांनी सगळे आवाज एका काळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतले. मग जुना लॅपटॉप दुकानात देऊन नव्यावर सूट घेतली. म्हणजे मामांचा जन्मभराचा संसार आता त्या एका काळ्या डबीत होता. दुसरीकडे कुठेही नव्हता.

नव्या लॅपटॉपशी मामांचं पहिल्याच सकाळी बिनसलं.

"अगं बबडे, हा चालू केल्या केल्या मला विचारतो, आज तुम्हाला कसं वाटतंय!" मामा म्हणाले. "मी अजून बायकोला उत्तर दिलेलं नाही, ह्याला कुठून देऊ?"

"मामा, थांब. अर्ध्या तासात त्याचं तोंड बंद करते," बबडी म्हणाली आणि तिने मला खिशातून काढलं.

लॅपटॉप इतका पातळ होता की त्यात खोचल्यावर मी त्याला चिकटलेली गोचीड दिसत होतो. माझ्या शेजारच्या खाचेत ती काळी डबी आधीच जोडलेली होती. प्रणाली बसली की लगेच आवाज आत घ्यायचे, मग आता काढा नि नंतर लावा कशाला, असा बबडीचा हिशेब.

"आत काय आहे?" मी डबीला विचारलं.

"शिंका," ती म्हणाली. "पुरुषांच्या वेगळ्या, बायकांच्या वेगळ्या. मग दारं. मग राक्षस."

राक्षस एका बालचित्रपटातला होता. मामांनी महिनाभर खपून त्याची पावलं रेकॉर्ड केली होती. उजवा पाय वेगळा, डावा वेगळा. दिग्दर्शिकाबाईंना ती पावलं आज संध्याकाळपर्यंत हवी होती.

पहिला धक्का मला तिथेच बसला. लॅपटॉपने मला आत घ्यायलाच नकार दिला. 'अनोळखी सॉफ्टवेअर. परवानगी नाही.' मित्रांनो, इतक्या वर्षांच्या सेवेनंतर मी अनोळखी! बबडीने त्याच्या सेटिंगमध्ये शिरून ते कुलूप काढलं आणि मी मान खाली घालून आत गेलो. आत गेल्यावर नेहमीप्रमाणे डिस्कांची यादी केली. यादीत एकच नाव आलं.

ते डबीचं नाव होतं.

मी पुन्हा शोधलं. लॅपटॉपला स्वतःची डिस्क असणार, त्याशिवाय तो सकाळी मामांची विचारपूस कुठून करत होता? पण कारखान्याने ती अशा काही खास सेटिंगआड ठेवली होती, की मला ती दिसेचना. दुर्दैव असं, की दोघींचं माप एकच, एक टेराबाइट. नावं तर इंग्रजी अक्षरं आणि आकडे नुसते सांडल्यासारखी. ते नाव डबीचं आहे हे मला ठाऊक होतं, पण ते सांगायचं वाक्य माझ्यात कुणी भरलेलंच नव्हतं.

मग माझ्याजवळ होतं तेच वाक्य मी दाखवलं. 'ही डिस्क पूर्ण पुसली जाईल. पुढे जायचं?'

"पुसली जाईल म्हणतोय गं हा," मामा चष्मा वर करत म्हणाले.

"अरे मामा, तो तसंच म्हणतो. सगळ्यांना म्हणतो."

"पुसायचंच असेल तर आधी ते टेबल पुसा," मामी आतून म्हणाल्या. "कालपासून चहाचा डाग तसाच आहे."

बबडीने 'पुढे' दाबलं.

मी सुन्न झालो. पण यंत्राला सुन्न होऊन थांबता येत नाही. मी आयुष्यभर नेकीने पुसत आलो होतो, तसाच पुसू लागलो. डबीवरची सगळी नावं पहिल्या क्षणात गेली. मग मी नव्या प्रणालीच्या फायली तिच्यावर रचू लागलो. तिचा निळा दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता.

टेबल पुसायला मामीच आल्या. फडकं हातात तसंच धरून त्या म्हणाल्या, "का गं, ही डबी एवढे डोळे का मिचकावतेय?"

बबडीने डबीकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. मग पुन्हा डबीकडे. तिने झडप घालून डबीची वायर ओढली.

ज्यांच्याकडे शिंकेपासून भूकंपापर्यंत सगळ्याचा आवाज होता, त्या मामांच्या तोंडून हूं का चूं निघेना. ते हळूच खुर्चीत बसले. खुर्चीही करकरली नाही.

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. दिग्दर्शिकाबाई! मामांनी तो कानाला लावला, पण बोलवेना. मामींनीच फोन काढून घेतला.

"राक्षस निघालाय ना?" पलीकडून आवाज आला.

"निघालाय," मामी शांतपणे म्हणाल्या. "जरा वाटेत अडकलाय."

"मामा, मी..." बबडी म्हणाली. "मी यादी वाचलीच नाही रे."

मामा तिच्याकडे बघतच राहिले. तिला ओरडले असते तर बरं झालं असतं. मलाही बरं वाटलं असतं.

बबडीने डोळे पुसले आणि फोनवर शोधाशोध सुरू केली. जगात मुक्त प्रणाली वापरणाऱ्यांची एक मोठी बिरादरी आहे. तिथे कुणीही काहीही विचारावं, कुणीतरी अनोळखी माणूस आधी रागावतो आणि मग नीट समजावतो. अशाच एकाने लिहून ठेवलं होतं, की नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क दिसली नाही तर अमुक सेटिंग बदला. दुसऱ्याने लिहिलं होतं, की डिस्क चुकून पुसली तर तिच्यावर आणखी काही लिहू नका. ज्या जागेवर नवं काही बसलेलं नसतं, तिथल्या फायली शोधून काढणारं सॉफ्टवेअर असतं. तेही मुक्त आणि फुकट.

तिने सेटिंग बदललं. मी पुन्हा यादी केली आणि लॅपटॉपची खरी डिस्क समोर येऊन उभी राहिली. इतका वेळ कुठे होतीस, असं विचारावंसं वाटलं. पण तेही वाक्य माझ्यात नव्हतं.

"आता तू वाच," बबडी मामांना म्हणाली. "मोठ्याने. एकेक अक्षर."

मामांनी ते सांडलेलं नाव अक्षर अक्षर करून वाचलं. मामींनी ताडून पाहिलं. मग मामा उठले आणि डबी घेऊन शेजारच्या खोलीत गेले. परत आले. पुन्हा उठले आणि डबी जिन्यावर ठेवून आले. तिथेही त्यांना धीर धरवेना. शेवटी ते ती खालच्या मजल्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात ठेवून आले. न्हाव्याने विचारलं, काय करू हिचं? मामा म्हणाले, काही करू नका, हेच तर सांगायला आलोय.

या वेळी बबडीने वाक्य पूर्ण वाचलं, श्वास घेतला आणि 'पुढे' दाबलं. प्रणाली जिथे बसायची तिथेच बसली. मग डबी न्हाव्याकडून परत आली आणि शोध सुरू झाला.

मित्रांनो, आवाज सापडू लागले! पण दुसरा धक्का बाकी होता. फायली सापडल्या, त्यांची नावं सापडली नाहीत. हजारो आवाज आणि प्रत्येकाच्या माथी नुसता आकडा. मग तिघं जण टेबलाभोवती बसून एकेक वाजवू लागले.

"हे दार आहे," बबडी म्हणाली.

"दार कसलं, शिंक आहे ती," मामा म्हणाले. आता कुठे त्यांना वाचा फुटली होती.

"शिंकच, पण तुमची नाही," मामी म्हणाल्या. "तुमची शिंक आली की दार वाजतं."

दुपार टळेपर्यंत त्यांना राक्षसाचा उजवा पाय मिळाला. ढुम्म! अख्खं टेबल हाललं. डावा मात्र मिळेना. सगळा ढीग उपसला तरी मिळेना. शेवटी बबडीने हिशेब लावला. जेवढ्या जागेवर मी प्रणाली रचली होती, नेमका तेवढ्याच जागेत डावा पाय होता. मीच त्याच्यावर बसलो होतो. तो कायमचा गेला.

"उजवाच दोनदा वाजवला तर?" बबडीने विचारलं.

"मग राक्षस लंगडी घालतोय असं वाटेल," मामा म्हणाले. "मुलं घाबरायची सोडून मोजायला लागतील."

डावा पाय पुन्हा करायचा, तर त्यासाठी ओल्या वाळूची गोणी लागत होती. ती मामींनी गेल्या आठवड्यात कुंड्यांत भरून टाकली होती. घड्याळ पुढे सरकत होतं. बबडी भिंतीला टेकून उभी होती. मामांनी खोलीच्या मधोमध फळी टाकली, तिच्यावर गादी पसरली आणि माइक लावला.

"बबडे, इकडे ये. ह्याच्यावर पाय आपट."

"माझं वजन किती, मामा! राक्षसाला पुरणार आहे का?"

"अंगाचं वजन नकोय," मामा म्हणाले. "सकाळपासून मनावर जे घेऊन उभी आहेस ना, ते ह्याच्यावर टाक."

बबडीने पाय उचलला आणि टाकला.

मी टेबलावर होतो. मला टोपण असतं तर ते उडालं असतं. खालून न्हावी धावत वर आला. मामांनी डोळे मिटून तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला आणि बबडीच्या डोक्यावर टपली मारली. दिवसभरात ती पहिल्यांदा हसली. मग रडलीही.

संध्याकाळी दिग्दर्शिकाबाईंचा फोन आला. "पावलं सुरेख झालीत. विशेषतः डावं. डावा पाय टाकताना राक्षसाला कशाचं तरी फार वाईट वाटतंय, असं जाणवतं. कसं केलंत?"

"घरातलंच आहे," मामा म्हणाले.

आता मी मामांच्या टेबलावरच असतो. मामांच्या आवाजांच्या आता तीन प्रती आहेत, आणि एक न्हाव्याकडे असते. मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या संगणकाच्या पडद्यावर माझ्यासारखा कुणी येईल आणि मवाळपणे विचारेल, 'पुढे जायचं?' त्या बिचाऱ्याला त्याहून जोरात ओरडता येत नाही. तेव्हा जरा थांबा. यादी मोठ्याने वाचा. जे पुसायचं नाही, ते आधी वायरीसकट दुसऱ्या खोलीत ठेवून या. आणि घरात मामी असतील, तर त्यांना आधी टेबल पुसायला बोलवा.