मुकादम सरांची पाण्याची वही

वेणू गंजक्या टाचण्या काढून बशीत टाकत होती. ताहेर मुकादम सरांनी पनवेलच्या कॉलेजात एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. ते गेल्यावर त्यांच्या मुलीने, आलियाने, नोट्स, प्रश्नपत्रिका, आकृत्यांचे कागद असे अकरा खोके ग्रंथालयाला दिले. ते पुसून, यादी करून जपायचं काम वेणूकडे होतं. ती बारावीपर्यंतच शिकलेली, पण सरांचं अक्षर आता तिला सहज लागायचं.

सातव्या खोक्याच्या तळाशी एक जाड वही निघाली. दर वर्षी सर मुलांना प्रॅक्टिकलसाठी घरचं पाणी आणायला सांगत. वहीत मुलाचं नाव, गाव आणि पाण्यात काय सापडलं ते होतं. एका गावापुढे शिशाच्या आकड्याखाली लाल रेघ होती. पुढच्या वर्षी आकडा वाढलेला, रेघा दोन. मग तीन. ते वेणूचं माहेर होतं. तीन रेघांपुढचं नाव निकेशचं, तिच्या धाकट्या भावाचं. आता त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. समासात सरांनी लिहिलं होतं, 'जिल्हा परिषदेला कळवले. उत्तर नाही.'

ग्रंथपाल स्नेहल मॅडमनी दोन पानं वाचली, उठून दार लोटलं आणि कुणाला तरी फोन केला. मग वेणूकडे न बघता म्हणाल्या, "हे शिकवण्याचे कागद नाहीत, वेणूताई. यादीत घेऊ नका, उगाच चौकशी मागे लागेल. उद्या मी बघते त्याचं काय करायचं ते."

संध्याकाळी वेणू माहेरी गेली. निकेश नुकताच डायलिसिसहून आला होता. तिने वहीचं सांगितलं, तेव्हा त्याला नवल वाटलं नाही.

"मला म्हाईत हाय, ताय. सर घरी आले व्हते. बाबांनी हात जोडले त्यांना, कुटं बोलू नका म्हनून. तुजं लगीन ठरलेलं. गावचं पानी नासलंय म्हटल्यावर तुला कोन नेनार व्हतं?"

लग्न होऊन ती विचुंब्याला सासरी गेली, नळाच्या पाण्यावर. निकेश गावच्या त्याच विहिरीचं पाणी पीत राहिला. निघताना तिने त्याच्या सुजलेल्या पायांवरची चादर सारखी केली.

सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधीच ती कामावर पोचली. यादीत शेवटची ओळ लिहिली, 'पाण्याची वही', पुढे गावाचं नाव आणि वर्षं. वहीच्या पानांचे आणि यादीचे फोटो काढून आलियाला पाठवले. आलियाचं उत्तर लगेच आलं. 'शेवटी शेवटी अब्बा हीच वही मागत होते.'

दहाला मॅडम आल्या. त्यांनी यादी शेवटपर्यंत वाचली. रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला.

"कुणाला दाखवलीत?"

"आलियाताईंना पाठवली."

मॅडमनी यादी मिटून टेबलावर ठेवली. मग ग्रंथालयाच्या किल्लीसाठी हात पुढे केला. वेणूने कमरेची किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली, उरलेल्या चार खोक्यांवर धूळ बसू नये म्हणून कापड नीट पसरलं आणि दाराशी जाऊन चपला घातल्या.